गोव्यात नवे चर्च शोधताना वेबसाइट कशी वाचावी

चर्चची वेबसाइट उघडली की आम्ही आधी तारीख शोधतो. पहिल्या पानावरचा मोठा फोटो आणि स्वागताच्या ओळी बहुतेक ठिकाणी सारख्याच असतात, त्यातून काही कळत नाही. ताजी सूचना कधीची, शेवटचे प्रवचन कोणत्या रविवारचे, ‘आगामी कार्यक्रमां’त गेल्या सालचा नाताळ तर नाही ना, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. मास्क लावून या, जागा आधी नोंदवा, अशी २०२०–२१ मधली सूचना अजून झळकत असेल, तर त्याच पानावरची उपासनेची वेळ खरी धरून घराबाहेर पडू नये.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर, बेळगाव या बाजूने नोकरीसाठी आलेली ख्रिस्ती कुटुंबे वेर्णा, वास्को, झुआरीनगर, फोंडा, म्हापसा इथे राहतात. भाड्याचे घर आणि मुलांची शाळा मार्गी लागली की चर्चचा शोध सुरू होतो, आणि हल्ली तो फोनवरच सुरू होतो. अशा कुटुंबांसोबत बसून साइटी चाळताना आमचा जो क्रम पक्का झाला, तो इथे देत आहोत. साइट पाहून चर्च निवडता येत नाही. मात्र कुठे जायचे नाही हे बरेचसे ठरते, आणि जिथे जायचे तिथे काय विचारायचे ते हाती लागते.

कॅथलिक कुटुंबांचे काम निराळे आहे. त्यांना सहसा चर्च निवडायचे नसते, आपले कोणते ते शोधायचे असते. चर्चच्या कायद्यात, म्हणजे कॅनन ५१८ मध्ये, धर्मग्राम साधारणपणे हद्दीवरून ठरतो असे म्हटले आहे. ज्या हद्दीत घर, तो आपला धर्मग्राम. गोव्यात त्याला फिर्गज म्हणतात. गोवा-दमण आर्चडायोसिसच्या साइटवर चर्चची यादी आहे, सुरुवात तिथून करावी. तालुक्याच्या नावावरून अंदाज बांधू नये. एकाच गावात दोन फिर्गजी असू शकतात आणि हद्द एखाद्या रस्त्यावरून किंवा ओहोळावरून जाते. घरमालकाला किंवा शेजाऱ्याला ‘आपला वाडा कोणत्या इगर्जीत (म्हणजे चर्चमध्ये) येतो’ असे विचारले तर नकाशापेक्षा लवकर उत्तर मिळते. मिस्सेला कुठेही जाता येते. पण मुलांचा प्रथम ख्रिस्तप्रसाद, दृढीकरण, लग्नासाठीचे दाखले हे सारे आपल्या फिर्गजेतून होते. म्हणून भाषेसाठी दुसरीकडे जाणाऱ्यांनीही नाव आपल्याच फिर्गजेत नोंदवावे.

वेळापत्रक वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते (कॅनन १२४८), त्यामुळे रविवारी पाळी असलेल्या कामगारांनी तो रकाना आधी बघावा. दुसरे म्हणजे, फिर्गजेच्या वेळापत्रकात मुख्य चर्च आणि वाड्यांवरची कपेले, म्हणजे छोटी प्रार्थनामंदिरे, एकत्र छापलेली असतात. सकाळी साडेसहाची मिस्सा तीन किलोमीटरवरच्या कपेलात निघाली, असे नवख्यांच्या बाबतीत होते. सूचना रोमी लिपीतल्या कोकणीत असतील तर वारांची नावे नीट समजून घ्यावीत. आयतार म्हणजे रविवार, बिरेस्तार म्हणजे गुरुवार. इतर भाषेतली मिस्सा महिन्यातून एकदाच होत असेल तर ती कायमच्या वेळापत्रकात बहुधा येत नाही, ती कार्यालयात विचारूनच कळते.

गूगल मॅप्सवर मात्र गोव्यात जपून चालावे लागते. जुन्या चर्चच्या नावापुढे जी ‘उघडण्याची वेळ’ दिसते ती पुष्कळदा पर्यटकांना आत सोडण्याची असते, मिस्सेची नव्हे. रविवारी सकाळी पर्यटकांना प्रवेश नसतो म्हणून ‘बंद’ असे दिसते आणि आत त्याच वेळी मिस्सा चाललेली असते. खालचे अभिप्रायही फिरायला आलेल्यांचे. वास्तू सुंदर, पार्किंग कमी, फोटोला मनाई. त्यातून त्या चर्चच्या लोकांविषयी काहीच कळत नाही. उपयोग होतो तो लोकांनी टाकलेल्या फोटोंचा. दारावरच्या फलकाचा फोटो सापडला तर तो मोठा करून वाचावा आणि कधी टाकला ते पाहावे. जुने गोवे इथल्या फलकांचे फोटो विशेष तपासावेत. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात संत फ्रान्सिस झेवियर यांचे शवप्रदर्शन होते आणि त्या दिवसांचे वेळापत्रक वेगळे होते. दर वर्षी ३ डिसेंबरच्या फेस्तापूर्वी नऊ दिवस नोव्हेना असते, तेव्हाही वेळा बदलतात.

प्रोटेस्टंट कुटुंबांना खरोखर निवड करावी लागते, आणि बाकीचा मजकूर मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

‘आमच्याविषयी’ या पानावर आधी पाहायचे की हे चर्च कोणाचे. एखाद्या मोठ्या संस्थेचे असेल तर बिशप, धर्मप्रांत किंवा जिल्हा यांचा उल्लेख असायला हवा, आणि त्या वरच्या संस्थेच्या साइटवर या चर्चचे नाव उलट सापडायला हवे. ही उलट तपासणी बहुतेक लोक करत नाहीत. आपल्याकडच्या अनेकांची मुळे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात असतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चसंस्थांच्या एकत्र येण्यातून ते झाले. त्यात बालकांचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी घेतलेला बाप्तिस्मा दोन्हींना जागा आहे, प्रभुभोजनाची लिखित विधिमाला आहे, मंडळीचा कारभार पाहणारी पास्टोरेट कमिटी आहे. या सवयीत वाढलेल्या माणसाला स्वतंत्र फेलोशिपमध्ये गेल्यावर उपासनेचा क्रमच सापडत नाही. यात वाईट काही नाही, पण ते आधी ठाऊक असावे. चर्च स्वतंत्र असेल तर ते कोणाला उत्तरदायी आहे हे लिहिले आहे का, ते बघावे. पाळकांच्या वर कोणी नाही, वडीलमंडळ (मंडळीतल्या जबाबदार ज्येष्ठांची समिती) नाही, असतील ती पाळकांच्याच घरची माणसे, असे दिसले तर आम्ही ते चर्च यादीत खाली ढकलतो. पुढे वाद झाला तर सभासदाने जायचे कोणाकडे, याला तिथे उत्तर नसते.

मग विश्वासाचे निवेदन. हे पान सर्वांत सावकाश वाचावे. त्रैक्य, पवित्र शास्त्राचा अधिकार, तारण, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, पवित्र आत्म्याची कृपादाने, एवढ्या मुद्द्यांवर काय लिहिले आहे ते वहीत उतरवावे. जिथे काहीच लिहिलेले नाही तो रकाना रिकामा ठेवावा, भरू नये. बाप्तिस्मा ‘केवळ येशूच्या नावाने’ आणि त्रैक्याचा शब्दही नाही, असे असेल तर ते त्रैक्य न मानणाऱ्या वननेस पंथाचे असण्याचा संभव मोठा. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला आपला बाप्तिस्मा तिथे मानत नाहीत, पुन्हा घ्यायला सांगतात. मुख्य उपासना शनिवारी सकाळी असेल तर सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट असू शकते. बाप्तिस्मा फक्त बुडवून आणि कळत्या वयात, असे असेल तर तान्ह्या बाळाच्या आईवडिलांनी तिथे ‘समर्पणविधी’ची (बाळासाठी प्रार्थना करून ते देवाला अर्पण करण्याची) अपेक्षा ठेवावी, बाप्तिस्म्याची नाही. आणि लहानपणी बाप्तिस्मा झालेल्यांना सभासद करून घेताना काय अट आहे, हे आधीच विचारावे. घरात यावरून पुढे मोठी कटुता येते, म्हणून इथे घाई नको.

निवेदन त्या चर्चने स्वतः लिहिले की उचलून चिकटवले, हेही कळते. त्यातले एक लांब वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधावे. तेच वाक्य परदेशातल्या अनेक साइटींवर सापडते. चर्च एखाद्या मोठ्या संघटनेचे असेल तर हे साहजिकच आहे, कारण निवेदन संघटनेचे असते. पण स्वतंत्र म्हणवणाऱ्या चर्चच्या बाबतीत याचा अर्थ असा की त्या पानावरून तिथल्या रविवारच्या शिकवणीचा अंदाज करू नये. तिथे प्रवचनांवरच विसंबावे लागते.

प्रवचने यूट्यूबवर असतात, पण निवडताना लोक नाताळ, ईस्टर किंवा पाहुण्या वक्त्याची सभा ऐकतात. त्या दिवशी सगळेच तयारीने येतात. आम्ही साध्या दिवसांतले लागोपाठ तीन रविवार घेतो, शक्यतो जून ते ऑगस्टमधले. भर पावसात उपस्थिती कमी असते आणि मंडळीचे रोजचे रूप दिसते. ऐकताना चार नोंदी करायच्या. शास्त्राचा भाग मोठ्याने वाचला का आणि किती ओळी. प्रवचन त्या भागावर चालले की एक वचन घेऊन भलतीकडे गेले. कोण बोलले, तिन्ही वेळा एकच माणूस की आणखी कोणी. आणि पैशांविषयी किती वेळ. ‘बीज पेरा म्हणजे आशीर्वाद मिळेल’, ‘अमुक रक्कम अर्पण करा, कर्ज फिटेल’ अशी भाषा तीनपैकी दोन रविवारी ऐकू आली तर आम्ही त्या चर्चचे नाव खोडतो. आजार बरा झाल्याची साक्ष देणे मंडळीत असतेच. पण ‘औषध बंद करा’ असे व्यासपीठावरून सांगितले जात असेल तर तिथे आजारी माणसाला घेऊन जाणे धोक्याचे आहे, मग बाकी सगळे कितीही चांगले असो.

थेट प्रक्षेपणाचा आणखी एक उपयोग आहे. उपासना संपल्यावर कॅमेरा लगेच बंद झाला नाही तर लोक एकमेकांशी कसे बोलतात ते दिसते. गाणी कोणती, त्यात मराठी किती, ढोलकी-पेटी आहे की कीबोर्ड-ड्रम, वृद्ध माणसे बसली आहेत का, मुले कुठे आहेत, हेही तिथेच कळते. साइटवरच्या फोटोंवर तेवढा भरवसा नको. हसऱ्या परदेशी चेहऱ्यांचे फोटो विकतचे असतात. फोटो गूगल लेन्समध्ये टाकला की तो आणखी कुठेकुठे वापरला आहे ते दिसते.

भाषेबाबत साइट बहुधा अपुरी असते. इंग्रजी साइटवर ‘हिंदी उपासना ११ वाजता’ अशी एक ओळ असते, पण ती उपासना वेगळ्या पाळकांची, वेगळ्या गटाची आणि कधी भाड्याच्या दुसऱ्या हॉलमध्ये असते. मराठी शास्त्रपाठ, मराठी गीते, मराठीतली घरगुती प्रार्थनासभा यांचा पत्ता मुख्य साइटवर नसला तरी फेसबुकवर किंवा व्हॉट्सॲप गटात असू शकतो. फोंडा, डिचोली, वाळपई, पेडणे या बाजूला राहणाऱ्यांनी हे मुद्दाम विचारावे. तिथल्या घरगुती सभांची स्वतःची साइट नसते आणि शोधयंत्रात त्या येत नाहीत.

पाळकांची माहिती देणाऱ्या पानावर शिक्षण कुठे झाले ते पाहावे. पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या किंवा सेरामपूर विद्यापीठाशी संलग्न अशा संस्थेचे नाव असेल तर ते तपासता येते. नुसते ‘डॉक्टर’ असेल आणि कोणत्या संस्थेचे ते लिहिलेले नसेल तर फोनवर सरळ विचारावे. शिक्षण नसलेले पाळक वाईट असतात असे आमचे म्हणणे नाही. ग्रामीण महाराष्ट्रात अल्पशिक्षित सुवार्तिकांनी मंडळ्या उभ्या केल्या आहेत. पदवी लपवणे किंवा फुगवणे मात्र चांगले लक्षण नव्हे.

पैशाचे पान बहुतेक लोक संकोचाने टाळतात, आणि आम्ही तेच सर्वांत बारकाईने पाहतो. क्यूआर कोड दिलेला असेल तर यूपीआय ॲपमधून स्कॅन करावा. रक्कम भरण्याआधीच खातेदाराचे नाव दिसते. चर्चचे किंवा ट्रस्टचे नाव आले तर ठीक, एखाद्या व्यक्तीचे आले तर तिथेच मागे फिरावे आणि विचारणा करावी. लहान, नव्या मंडळीचे बँक खाते उघडायचे राहिले असेल तर ते स्पष्ट सांगतात आणि पावती देतात. टाळाटाळ झाली तर ती नोंद वहीत जाते. नोंदणी क्रमांक आहे का, संस्था सोसायटी आहे की ट्रस्ट, हेही पाहावे. ‘देणगीवर आयकर सवलत’ असे लिहिले असेल तर पावती कोणाच्या नावाची येते ते विचारावे. निव्वळ धार्मिक कामासाठी दिलेल्या दानावर ती सवलत सहसा मिळत नाही, ती धर्मादाय कामाला असते. म्हणजे पैसा चर्चला जातो की सोबतच्या शाळा-वसतिगृहाच्या ट्रस्टला, हे त्यावरून कळते. परदेशातून देणगी मागितली असेल तर विदेशी योगदान नियमन कायदा, २०१० खाली नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीपासून ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच प्रथम यावी लागते. साइटवर परदेशी दात्यांना गोव्यातल्या एखाद्या बचत खात्याचा क्रमांक दिलेला दिसला तर त्या चर्चचा कारभार सैल आहे असे समजावे.

कॅथलिक बाजूला पैशाची चौकट ठरलेली आहे. प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती हवी (कॅनन ५३७) आणि लोकांनी दिलेल्या दानाचा हिशोब लोकांना द्यायला हवा (कॅनन १२८७). गोव्यात फाब्रिका (चर्चची मालमत्ता आणि निधी सांभाळणारी संस्था) आणि कन्फ्रारिया (भाविकांचे बंधुमंडळ) यांचे कारभारही असतात. साइटवर वार्षिक हिशोब क्वचितच मिळतो, तो चर्चमधल्या फलकावर लागतो किंवा वाचून दाखवतात.

मुलांच्या सुरक्षेचे धोरण शोधताना फक्त चर्चच्या पानावर थांबू नये, वरच्या संस्थेच्या साइटवर जावे. कॅथलिक धर्मप्रांतांना २०१९ च्या पोपच्या आदेशाने तक्रार स्वीकारण्याची व्यवस्था ठेवणे बंधनकारक झाले आहे. धोरण सापडले तर त्यातले एकच वाक्य शोधावे, तक्रार आधी कोणाकडे जाते. पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्या कोणाही व्यक्तीने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, न देणे हा गुन्हा आहे. ‘प्रकरण प्रथम पाळकांना कळवावे, समिती ठरवेल’ एवढेच लिहिलेले धोरण पुरेसे नाही. रविवारच्या शाळेत एका वर्गावर दोन मोठी माणसे असतात का, मुलांना घ्यायला कोण येते याची नोंद होते का, हे साइटवर नसले तर भेटीत विचारावे. शिक्षकांना हा प्रश्न खटकत नाही. उलट नीट चालणाऱ्या ठिकाणी त्यांना तो आवडतो.

लग्न आणि दफन यांच्या माहितीवरून साइट गोव्यासाठी लिहिली आहे की मुख्य कार्यालयाकडून आली आहे, ते लगेच उघड होते. गोव्यात लग्नाची कायदेशीर नोंद पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्याने सिव्हिल रजिस्ट्रारकडे होते. चर्चमधल्या लग्नाआधी तिथे इरादा नोंदवून दाखला घ्यावा लागतो. महाराष्ट्रात चालतो तो १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा इथे चालत नाही. साइटवर त्या कायद्याप्रमाणे कागदपत्रांची यादी दिली असेल तर लग्न ठरलेल्या घराने तिच्यावर विसंबू नये, आपल्या तालुक्याच्या रजिस्ट्रार कार्यालयात जाऊन यावे. दफनाविषयी बहुतेक साइटी गप्प असतात. फिर्गजेचे सिमित्र, म्हणजे दफनभूमी, फिर्गजकरांसाठी असते, आणि स्वतंत्र मंडळ्यांकडे स्वतःची जागा असेलच असे नाही. घरात वृद्ध असतील तर हा प्रश्न पहिल्याच फोनमध्ये विचारलेला बरा. अवघड वाटला तरी ऐनवेळी धावाधाव करण्यापेक्षा सोपा आहे.

एखाद्या साइटची लिंक जुगाराच्या किंवा जाहिरातींच्या पानावर गेली तर घाबरू नये. डोमेनचे वार्षिक शुल्क भरायचे राहिले की ते नाव दुसरे कोणी विकत घेते. चर्च बंद झाले असा त्याचा अर्थ नाही. वेबॅक मशीनवर तो पत्ता टाकला की जुनी पाने दिसतात, त्यावरचा फोन क्रमांक बहुधा चालतो. याच साधनाने चालू साइटचाही इतिहास पाहावा. तीन वर्षांत तीन वेगळे पाळक, चर्चचे नाव बदललेले, जुनी संलग्नता गाळलेली, असे काही दिसले तर कारण विचारावे. कारण चांगलेही असू शकते.

‘प्रार्थनाविनंती’चा अर्ज पहिल्या भेटीआधी भरू नये. त्यात नाव, फोन, घरचा पत्ता आणि आजाराचे तपशील मागतात, आणि ते कोणत्या गटात फिरतात हे आपल्याला कळत नाही. आधार क्रमांक मागणाऱ्या अर्जाला तर उत्तरच देऊ नये.

यादी तीन-चार नावांवर आली की फोन. दुपारी एक ते चार गोव्यात कोणी फोन उचलत नाही, सकाळी दहाच्या सुमारास किंवा संध्याकाळी पाचनंतर करावा. रविवारी सकाळी करू नये. उपासना नक्की किती वाजता आणि किती वेळ चालते, कोणत्या भाषेत, मुलांची व्यवस्था, बसने येता येईल का, एवढेच विचारावे. रविवारी खासगी बसगाड्या कमी धावतात, सरकारी कदंब बसच्या फेऱ्याही पाहाव्या लागतात. म्हणून संध्याकाळच्या उपासनेला जाणाऱ्यांनी परतीची शेवटची बस आधी विचारून ठेवावी. ‘आम्ही गाडी पाठवतो’ असे पहिल्याच फोनवर म्हणाले तर आभार मानावेत, पण पहिल्या वेळी आपल्या सोयीनेच जावे, म्हणजे हवे तेव्हा निघता येते.

भेट एकदा देऊन निर्णय घेऊ नये. महिन्याचा पहिला रविवार अनेक ठिकाणी प्रभुभोजनाचा असतो, त्यामुळे एक तो आणि एक साधा, असे निदान दोन रविवार पाहावेत. वही सोबत न्यावी आणि साइटवरून केलेल्या नोंदींपुढे प्रत्यक्ष दिसले ते लिहावे. रिकामे राहिलेले रकाने तिथे पाळकांना किंवा वडीलमंडळातल्या कोणाला भेटून भरावेत. जुन्या मंडळीकडून सभासदत्वाचे बदलीपत्र मागवायचे ते यानंतर. त्यात बाप्तिस्म्याची तारीख, दृढीकरणाची तारीख आणि प्रभुभोजन घेणारे सभासद असल्याचा उल्लेख आहे ना, हे पाहून मगच त्यावर शिक्का घ्यावा.